सरांचा ब्लॉग आठ महिने झाले तरी संपत नाहीये, सोडून देऊ का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी २७ वर्षांची. पुण्यात एका कंपनीत काही वर्षं काम करून आता सांगली जिल्ह्यात आपल्या गावी परत आलीय आणि घरूनच वेबसाइट बनवून देते. वडिलांच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आहेत, शाळेत विज्ञान शिकवायचे, ते बरीच वर्षं रानभाज्यांवर आणि सह्याद्रीतल्या झाडांवर ब्लॉगरवर (गूगलची फुकट ब्लॉगची सोय) लिहितायत. चारशेच्या आसपास लेख आहेत, शिवाय त्याआधीचे काही लेख श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेले. "मला माझी स्वतःची वेबसाइट पाहिजे, दुसऱ्या कुणासारखी नको," असं सर म्हणाले, ३० हजार ठरले, सगळं तोंडी, १० हजार ॲडव्हान्स आला. त्याला आता आठ महिने झाले. होमपेज कितीदा बदललं त्याला गणती नाही, सरांचा मुलगा बंगळुरूहून रात्री अकराला स्क्रीनशॉट पाठवतो की "असं करता येईल का", आणि सर स्वतः फोन करून वेगळंच काहीतरी बोलतात, म्हणजे विदर्भातला माणूस टाकळ्याला तरोटा म्हणतो, तो तरोटा शोधेल तेव्हा माझा लेख त्याला दिसेल का वगैरे. आता त्यांचा फोन आला की ही उचलायला टाळाटाळ करते. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, हिच्या नावावर घेतलंय. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि थीमची, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या भागाची, प्रत्येक फाइल हिने स्वतः लिहिलीय कारण कस्टम (खास सरांसाठी केलेली) म्हणून पैसे घेतलेत. मैत्रीण म्हणते, नेटवर क्रॅक केलेली महागडी थीम मिळते, ती टाक आणि मोकळी हो. प्रश्न असे: क्लायंटलाच काय हवंय ते माहीत नसेल तर काय करायचं? पैसे मागितले तर बाबांच्या ओळखीत वाईटपणा येईल का? डोमेन आणि पासवर्ड देऊन टाकले तर उरलेले पैसे मिळतील का? की ॲडव्हान्स परत देऊन सरळ सोडून देऊ? (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

---

सोडू नकोस, निदान आत्ता तरी नको. पण आहे तसं पुढे रेटूही नकोस. या दोन्हीच्या मधला एक रस्ता आहे तो सांगते, पण त्याआधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मला बोलायचंय.

"क्लायंटलाच काय हवंय ते माहीत नाही." हे वाक्य आपल्या कामात इतकं सर्रास बोललं जातं की ते खरंच आहे असं वाटायला लागतं. पण तुझंच पत्र बघ ना. सरांनी तुला फोनवर विचारलं की तरोटा शोधणाऱ्याला टाकळ्यावरचा लेख सापडेल का. अगं याच्याइतकी स्पष्ट मागणी मला मोठ्या कंपन्यांच्या लांबलचक डॉक्युमेंटमध्येसुद्धा क्वचित दिसलीय. हा माणूस वर्षानुवर्षं एकाच विषयावर लिहितोय, त्याला वाचणारा कोण आहे हे त्याला माहितीये, आणि त्या वाचणाऱ्याचं नेमकं कुठे अडतं तेही माहितीये. तू ते पत्रात "वेगळंच काहीतरी बोलतात" या खात्यात टाकलंस. आणि ज्याबद्दल त्यांचं खरं तर काहीच म्हणणं नाही, म्हणजे होमपेजवर स्लायडर असावा की नसावा, हिरवा कुठला घ्यावा, ते मात्र तू त्यांना परत परत विचारत राहिलीस. मग माणूस उत्तर देतोच, विचारलंय म्हटल्यावर. आज एक उद्या दुसरं, कारण त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तरच नाहीये.

मी तुला दोष देत नाहीये. आपल्याला कामच तसं शिकवलं जातं, आधी डिझाइन दाखवा मग पसंत करून घ्या. पण ब्लॉगच्या बाबतीत ती पद्धत उलटी पडते. दुकानाच्या किंवा हॉटेलच्या वेबसाइटला एक होमपेज आणि चार पानं, ती छान केली की झालं. ब्लॉगवर येणारा बहुतेक वाचक होमपेजवर येतच नाही, तो गूगलवर काहीतरी शोधून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून थेट एखाद्या लेखावर उतरतो. म्हणजे तुम्ही दोघं आणि तो बंगळुरूचा मुलगा आठ महिने ज्या पानावर भांडताय ते पान सरांच्या वाचकांपैकी फार थोडे लोक बघणार आहेत. लेखाचं पान किती वेळा बदललं गं? पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आता 'कस्टम' बद्दल. तू असं धरून चाललीयेस की कस्टम म्हणजे प्रत्येक फाइल स्वतः लिहिलेली, आणि तयार काहीही वापरलं तर ती फसवणूक. वर्डप्रेस स्वतःच मुळात दुसऱ्यांच्या कोडवर उभा आहे, २००३ साली बीटू नावाचं एक ब्लॉगिंग सॉफ्टवेअर मागे पडत चाललं होतं, त्याचा कोड घेऊन मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी तो पुढे नेला. त्याच्या लायसन्समध्येच ती मोकळीक आहे. तेव्हा फुकट मिळणारी एखादी डिफॉल्ट थीम पायाला घेऊन त्यावर चाइल्ड थीम केलीस, म्हणजे मूळ फाइलींना हात न लावता वरून आपले बदल केलेस, तर त्यात लपवण्यासारखं काहीच नाही, उलट दोन वर्षांनी कुणाला दुरुस्ती करावी लागली तर त्याला ते समजेल तरी. सरांनी "कुणासारखी नको" म्हटलं ते फाइलींबद्दल नव्हतं, ते त्यांच्या लेखांबद्दल होतं.

मैत्रिणीचं मात्र अजिबात ऐकू नकोस. क्रॅक केलेल्या थीममध्ये बऱ्याचदा कुणीतरी मागचं दार उघडं ठेवलेलं असतं, त्यातून साइटवर जुगाराच्या नाहीतर बनावट औषधांच्या लिंका घुसतात आणि ते आपल्याला कळतं कधी, तर गूगलने साइट धोकादायक म्हणून दाखवायला सुरुवात केल्यावर. आणि अशा थीमला अपडेट येत नाहीत ते वेगळंच. सरांच्या नावावर ते नको.

मग सरांच्या साइटमध्ये कस्टम काय असावं? मी असते तर हे केलं असतं. एका रानभाजीच्या लेखात काय काय येतं ते त्यांच्याकडून काढून घेतलं असतं: नाव, इतर नावं, कुठल्या महिन्यात मिळते, कुठल्या भागात, कोवळी पानं खायची की फळ की कोंब, आणि काय जपायचं. शेवळांचंच बघ, पहिल्या पावसात येतात, घशाला खाजतात म्हणून त्यात काकडं (काकड झाडाची फळं) घालतात. आता ही जपण्याची गोष्ट लेखाच्या तिसऱ्या स्क्रोलमध्ये दडलेली असेल आणि वाचणाऱ्याने नुसती वरची रेसिपी बघून भाजी केली तर? ती ओळ लेखात वर, वेगळ्या चौकटीत, प्रत्येक वेळी त्याच जागी दिसली पाहिजे. हे डिझाइन आहे. हे दुसऱ्या कुठल्याच तयार थीममध्ये मिळणार नाही कारण ते सरांकडे बसूनच कळतं.

आणि तरोट्याचं उत्तर तर इतकं सोपं आहे. वर्डप्रेसचा साधा सर्च फक्त शीर्षक, सारांश आणि लेखाचा मजकूर एवढ्यातच शोधतो, कस्टम फील्डमध्ये (मजकुराबाहेरच्या वेगळ्या रकान्यात) किंवा टॅगमध्ये तो बघत नाही. म्हणजे तू हौसेने 'इतर नावं' असं एक वेगळं फील्ड केलंस आणि त्यात तरोटा लिहिलंस तरी सर्चला ते दिसणार नाही, मग त्यासाठी आणखी कोड किंवा आणखी एक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर. त्यापेक्षा लेखाच्या मजकुरातच पहिली ओळ "इतर नावं: तरोटा, ..." अशी ठेव. करटोली, कर्टुली, कंटोली, लोक जसं लिहितील तसं सगळं. साइटच्या सर्चला सापडेल, गूगललाही सापडेल, आणि वाचणाऱ्यालाही बरं वाटेल की आपल्याकडचं नाव इथे आहे. त्यासाठी एक पॅटर्न, म्हणजे लेखाचा तयार साचा, बनवून ठेव, 'नवी रानभाजी' नावाचा, सरांनी तो निवडला की सगळ्या रिकाम्या जागा आयत्या समोर येतील. आणि ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे वर्डप्रेसमध्ये लेख लिहितात तिथे, ते ढीगभर ब्लॉक दिसतात ना, त्यातले परिच्छेद, उपशीर्षक, फोटो, गॅलरी, यादी एवढेच ठेवून बाकीचे बंद कर, एका फिल्टरचं, म्हणजे थीममधल्या छोट्याशा कोडचं, काम आहे. सत्तरीच्या माणसाला त्या गर्दीत कशाला हिंडायला लावायचं.

मराठी ब्लॉग करणाऱ्या सगळ्यांसाठीच आता थोडं लिहिते, कारण बाहेरून आणलेल्या थीम इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात आणि मराठी मजकूर आत टाकला की काय काय तुटतं ते आपल्यालाच बघावं लागतं. तू थीम स्वतः लिहिलीयेस म्हणतेस, मग एकदा शोधून बघ, लेखाचा सारांश कापायला कुठे नुसतं 'सबस्ट्र' वापरलंयस का. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीमधलं ते फंक्शन अक्षरं न मोजता बाइट मोजतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये तीन बाइटचं, त्यामुळे मधोमध कापलं गेलं की शेवटी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह येतं. बाइटऐवजी चिन्हं मोजणारं 'एमबी सबस्ट्र' घेतलंस तर चौकोन जातील पण मात्रा तुटेल, करटोलीचं करटोल होईल. म्हणून कापायचं ते शब्दावर कापायचं. दुसरं, लेखाचा पत्ता. मराठी शीर्षक तसंच पत्त्यात गेलं की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात आणि वर्डप्रेस पत्त्याला २०० च्या पुढे जाऊ देत नाही, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं, काना-मात्रा-वेलांट्या धरून. बाकीचं शीर्षक कापलं जातं आणि व्हॉट्सॲपवर ती लिंक टक्क्यांच्या खुणांची माळ होऊन जाते. सरांना सवय लाव की पत्ता रोमन लिपीत, छोटा, भाजीच्या नावाचा द्यायचा.

ओळींमधलं अंतर वाढव, इंग्रजीला दीडपट पुरतं तिथे आपल्या रफार-उकारांना पावणेदोनपट तरी लागतं. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेव, ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शीर्षक दात पडल्यासारखं दिसतं. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी कर, कारण काही फॉन्टांमध्ये आपल्या पद्धतीचा ल आणि श दिलेला असतो पण भाषा मराठी सांगितली असेल तरच तो उमटतो. मुक्ता आहे, नोटो आहे, लांब लेखांसाठी तिरो देवनागरी मराठी आहे, हे सगळे फुकट आहेत. दोन तीन लावून बघ आणि सरांना मोबाइलवर वाचायला दे, कुठला बरा वाटतो ते त्यांचे डोळे सांगतील.

आता पैशांकडे येते, कारण खरी गाठ तिथे बसलीय.

तू कधी हिशेब मांडलायस का? मांडून बघू. समज तुला महिन्याला ३५ हजार हातात यायला हवेत. महिन्यातले सगळे दिवस क्लायंटच्या कामाचे नसतात, फोन, मेल, कोटेशन, नवीन काम शोधणं यातच अर्धे जातात, प्रत्यक्ष बिल लावता येतील असे १४ दिवस धरू. म्हणजे तुझा दिवस २,५०० रुपयांचा. ३० हजार म्हणजे १२ दिवसांचं काम. आता ब्लॉगरवरचे चारशे लेख घे. ते आपोआप आणता येतात हे खरं, पण फोटो अजून गूगलच्याच सर्व्हरवर राहिलेत का, ओळी मोडल्यात का, लिंका चालतायत का हे लेखामागे नुसती दहा मिनिटं धरून हाताने तपासलंस तरी ४,००० मिनिटं होतात, म्हणजे ६६ तासांच्या वर, दिवसाला सहा तास बसलीस तर ११ दिवस. बारातले अकरा दिवस इथेच संपले. डिझाइन, थीम, श्रीलिपी, सगळं उरलेल्या एका दिवसात. तेव्हा हे काम सरांच्या स्वभावामुळे लांबलेलं नाही, त्यांच्या मुलामुळेही नाही. हे काम पहिल्याच दिवशी ठरलेल्या पैशात मावत नव्हतं आणि ते दोघांनाही कुणी सांगितलं नाही.

श्रीलिपीचं तर वेगळंच बिल हवं. जुन्या फॉन्टातला मजकूर नुसता चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, युनिकोडमध्ये (वेबवर चालतं त्या मराठी टायपिंगमध्ये) बदलायला कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतर कुणीतरी डोळ्यांखालून घालावं लागतं. रफार आणि पहिली वेलांटी तिथे हमखास जागा चुकतात, कारण जुन्या फॉन्टात ती दिसेल त्या क्रमाने टाइप केलेली असतात आणि युनिकोडचा क्रम वेगळा. हे तपासायला वनस्पतींची नावं माहीत असलेला माणूस लागतो, म्हणजे खुद्द सर. तेव्हा बदलून तू द्यायचं, वाचून त्यांनी द्यायचं, असं वाटून घ्या.

वाईटपणा येईल का, हे तू विचारलंयस. मला वाटतं वाईटपणा येतोच आहे, फक्त तो आत्ता तुझ्या मनात साठतोय. तू त्यांचा फोन आला की उचलायला टाळाटाळ करतेस असं लिहिलंयस. तिकडे ते तुझ्या बाबांना काय सांगत असतील? की मुलगी हुशार आहे पण काम काही पूर्ण होत नाही. त्यांना कारण माहीतच नाही. चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला वेळापत्रक आणि पोर्शन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांना आकडे दाखवलेस तर ते तुझ्याहून लवकर समजतील.

म्हणून आता काम थांबव आणि त्यांना भेट. फोनवर नको, घरी जा. जाण्याआधी एक मेसेज टाक, असा काहीतरी:

"सर नमस्कार. वेबसाइटचं काम लांबलंय, मलाही ते बरोबर वाटत नाहीये. आत्तापर्यंत काय झालंय, काय राहिलंय आणि आपण सुरुवातीला न बोललेली कामं कुठली निघाली, हे मी एका कागदावर लिहिलंय. रविवारी सकाळी घरी आले तर चालेल का? तासभर लागेल. दादांनाही त्या वेळी फोनवर घेता आलं तर बरं, म्हणजे सगळ्यांचं एकदाच बोलणं होईल."

यात माफी मागत बसू नकोस आणि तक्रारही करू नकोस. पैशांचा विषय मेसेजमध्ये काढू नकोस, तो कागद समोर ठेवून बोलायचा. आणि बाबांना मध्ये घालू नकोस. ओळख त्यांची असली तरी काम तुझं आहे, आणि सरांनाही तुझ्याशी कामाचं बोलताना त्यामुळे मोकळं वाटेल.

त्या कागदावर तीन गोष्टी लिही. झालेलं काम. ठरलेल्या ३० हजारांत अजून काय काय देणार, म्हणजे लेखाचं पान, ऋतूप्रमाणे आणि नावाप्रमाणे यादी, साधं होमपेज, सगळे लेख मशीनने आणणं आणि त्यातले सर्वात जास्त वाचले जाणारे पन्नास-साठ हाताने तपासून देणं. आणि तिसरं म्हणजे यात न बसणारं काम, श्रीलिपी, उरलेले साडेतीनशे लेख तपासणं, पुढचे बदल, प्रत्येकासमोर पैसे किंवा दिवस. सर म्हणतील की उरलेले मी सवडीने बघतो, तर उत्तमच, त्यांना तपासायला काय काय बघायचं ती यादी करून दे. जुना ब्लॉग बंद करू नका म्हणावं, लोकांनी इतक्या वर्षांत तिथल्या लिंका ठेवलेल्या असतील आणि ब्लॉगरच्या म्हणजे ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावरून दुसरीकडे नीट रीडायरेक्ट लावायची, म्हणजे वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर न्यायची, सोय आपल्या हातात नाही, तेव्हा तिथे वरच नवीन पत्त्याची पाटी लावायची आणि नवे लेख इकडे टाकायचे.

बंगळुरूच्या मुलाचं काय? त्याला शत्रू समजू नकोस. वडिलांसाठी काहीतरी करावं असं त्याला लांबून वाटतंय आणि स्क्रीनशॉट पाठवणं एवढंच त्याच्या हातात आहे. त्याला खरं काम दे: दरवर्षी डोमेन आणि होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) पैसे भरणं, आणि बॅकअपची एक कॉपी आपल्याकडे ठेवणं. होस्टिंग पहिल्या वर्षी स्वस्त असतं आणि रिन्यूअलला बरंच वाढून येतं, ते तेव्हा सरांच्या अंगावर अचानक यायला नको. डिझाइनवर शेवटचा शब्द मात्र एकाचाच असेल, सरांचा, आणि सूचना दोनच फेऱ्यांत एकत्र करून येतील, हे त्याच्यासमोरच ठरवून घे.

डोमेनबद्दल माझं मत जरा कडक आहे. ते सरांच्या नावावर, सरांच्या ईमेलवर, लगेच करून दे. पैसे राहिलेत म्हणून अडकवून ठेवायचा विचार मनातून काढ. उद्या तुझी तब्येत बिघडली, तू नोकरी घेतलीस, तुझं कार्ड एक्सपायर झालं आणि रिन्यूअल चुकलं, तर एका माणसाची इतक्या वर्षांची लिखाणाची ओळख कुणीतरी तिसराच विकत घेईल. तेवढी जोखीम वीस हजारांसाठी दुसऱ्याच्या वतीने घ्यायचा आपल्याला हक्क नाही. पैसे मिळण्यासाठी अडवणूक लागत नाही, टप्पे लागतात. आता उरलेल्या वीसपैकी दहा या भेटीनंतर काम परत सुरू करताना घे आणि दहा साइट लाइव्ह करण्याआधी. तोपर्यंत साइट तुझ्या टेस्टच्या पत्त्यावर आहे, त्यात काही गैर नाही.

कोडचं वेगळं आहे, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा हक्क साधारणपणे नोकरी देणाऱ्याचाच असतो, पण तुझ्यासारखी स्वतंत्र काम करणारी जेव्हा कोड लिहिते तेव्हा त्याचा पहिला हक्क तिचाच, पैसे मिळाले म्हणून तो आपोआप क्लायंटकडे जात नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून एक ओळ लिहूनच टाक की पूर्ण पैसे मिळाल्यावर ही थीम सरांना कायमची आणि कुठेही वापरता येईल, बदलता येईल, दुसऱ्या कुणाकडून दुरुस्तही करून घेता येईल. आणि उलट बाजूही लिही, लेख आणि फोटो सगळे त्यांचे.

पुढच्या क्लायंटसाठी उद्यम नोंदणीही, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेव, सरकारी पोर्टलवर फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं आहे, उशीर झाला तर व्याजही लागतं. सरांसाठी याची काही गरज नाही, पण एखादी संस्था किंवा कंपनी सहा सहा महिने बिल लटकवते तेव्हा बिलावर नुसता उद्यम नंबर असला तरी बोलण्याची भाषा बदलते.

एक काम मात्र लाइव्ह करण्याआधी कितीही घाई असली तरी कर. सरांच्या घरी जा, त्यांना त्यांचाच फोन हातात घ्यायला सांग, आणि एक नवा लेख शेवटपर्यंत टाकायला सांग. तू शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही, "तिथे वर आहे" म्हणायचं नाही. लॉगिनलाच अडले तर अडू दे, लिहून घे. फोटो टाकताना चार एमबीचा फोटो गावातल्या नेटवर किती वेळ फिरत राहतो ते बघ, त्या वेळात त्यांना वाटतं का की काही झालंच नाही आणि ते परत परत बटण दाबतात का. मराठी कीबोर्डवरून टाइप करताना कर्सर उडतो का. 'प्रकाशित करा' दाबल्यावर पुन्हा विचारणारी जी पट्टी येते तिथे ते घाबरून मागे जातात का. जिथे जिथे ते अडतील तिथे तुझं काम राहिलंय असं समज, आणि जिथे ते न विचारता पुढे जातील ते झालं. होमपेजवरच्या सगळ्या चर्चेतून तुला जे कळलं नाही ते या एका बैठकीत कळेल.

रोजच्या वापरासाठी त्यांना एडिटरचं लॉगिन दे, त्यात लेख सगळे लिहिता-बदलता येतात पण चुकून प्लगिन उडवणं वगैरे होत नाही. ॲडमिनचं लॉगिन वेगळं, ते, होस्टिंगचं आणि डोमेनचं, असं सगळं एका कागदावर लिहून बंद पाकिटात, एक त्यांच्याकडे एक मुलाकडे. आणि देखभाल करणार असशील तर वर्षाचा वेगळा आकडा सांग, त्यात अपडेट, बॅकअप आणि महिन्याला एखादा तास अडचणीसाठी. नको म्हणाले तर नको, पण मग फोनवर फुकट चालू ठेवायचं नाही हे आधीच ठरव.

आता ते नाहीच म्हणाले तर? म्हणजे कागद बघून चिडले, किंवा मुलगा म्हणाला की तीसमध्येच सगळं द्यायला हवं. तर भांडू नकोस. डोमेन त्यांच्या नावावर करून दे, आत्तापर्यंत आणलेल्या लेखांची एक्सपोर्ट फाइल आणि फोटोंचं फोल्डर पेनड्राइव्हमध्ये दे, थीम जशी आहे तशी दे, आणि दहा हजार परत करू नकोस, तेवढ्याचं काम तू कधीच केलंयस. पण माझा अंदाज आहे की ते तसं म्हणणार नाहीत. त्यांना विचार की टाकळ्याला अजून कुठे कुठे काय म्हणतात, आणि वही घेऊन बस, त्यांना सगळी नावं सांगून संपेपर्यंत बाकीचं बोलणं बाजूला राहू दे.